उजवीकडचा खळगा

रुपाला मी पहिले तीन आठवडे वेल्डिंगचा रॉड हातात घेऊ दिला नाही. बाकीची दहा पोरं आळीपाळीने होल्डर धरायची, ठिणगी उडाली की ओरडायची, आणि ही कोपऱ्यात उकिडवी बसून त्यांच्या वेल्डिंगवरची काळी खपली हातोडीने ठोकून काढायची. "आधी पाया पक्का होऊ दे," असं मी तिला सांगितलं होतं. पायाबिया काही नव्हतं. ती चंद्रकुमारची मुलगी होती, एवढंच.

ती तक्रार करत नव्हती, याचा मला जास्त राग यायचा.

आमचं गाव नवं. जुनं गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि लोकांना इथे प्लॉट पाडून मिळाले. अजूनही कुणाचं घर विचारलं तर आधी प्लॉटचा नंबर सांगतात. या गावातल्या बहुतेक घरांच्या पोर्चवरचं टिनाचं छप्पर माझ्या नवऱ्याने, प्रितमने, बसवलेलं आहे. तेव्हा तो चंद्रकुमारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कारागीर होता. डावखुरा. जेवणारा हात तेवढा त्याच्या आईने मारून मारून उजवा केला, पण होल्डर डाव्याच हातात.

चार वर्षांपूर्वी शाळेच्या मागे पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी लोखंडी स्टँड बांधायचं काम चंद्रकुमारला मिळालं. खालचा अर्धा भाग प्रितमने जोडला आणि माझे दिवस भरले. बंटी झाला तेव्हा चार दिवस तो भंडाऱ्याला माझ्या उशाशी बसून होता. परत आला तर स्टँड पूर्ण, निळा रंग मारलेला, वर पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं. दोन वर्षांनी ते स्टँड भरल्या टाकीसकट खाली आलं. दुपारची सुट्टी संपून पाचच मिनिटं झाली होती, म्हणून पोरं वाचली. खिचडी शिजवणाऱ्या देवकाबाई भांडी घासत होत्या. त्यांचा पाय गेला. म्हणजे पाय आहे, पण काठीशिवाय चालता येत नाही.

चंद्रकुमारने त्याच संध्याकाळी स्टँड गॅसने कापून टेम्पोत भरून नेलं. म्हणे, पोरांना लागेल. आणि ग्रामपंचायतीत हात जोडून सांगितलं, "वेल्डिंग प्रितमची. मी भरवसा ठेवला, माझी चूक." वरचे जोड माझे नाहीत, असं प्रितम सांगत राहिला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "दारू घेऊन मारली असन." जो माणूस सुपारी खात नाही, त्याच्याबद्दल.

त्यानंतर त्याला गावात कुणी कुंपणाची एक काडीही जोडायला दिली नाही. आता तो छत्तीसगडात एका कारखान्यात हेल्पर आहे. महिना-दीड महिन्याने वरठीला रेल्वेतून उतरतो, दोन दिवस राहतो, ते दोन दिवसही घराबाहेर पडत नाही. अंगणवाडीत बंटीला 'टाकीवाल्याचा पोट्टा' म्हणतात. बंटीला वाटतं, आपल्या घरी टाकी आहे. तो मला विचारतो, "आई, आपली टाकी कुठं हाये?"

मी बी. एस्सी. झालेली. वेल्डिंग मला प्रितमनेच अंगणात शिकवलं, लग्नानंतरच्या रिकाम्या दुपारी, गंमत म्हणून. तो गेल्यावर मी आयटीआयमध्ये छोटा कोर्स करून परीक्षा दिली. मग एका संस्थेने आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा वेल्डिंगचा वर्ग काढला, तेव्हा हेडमास्तर लक्ष्मणराव गुरुजींसमोर अर्ज करणारी मी एकटीच होते. मला शिकवायचं होतं, हे खरं. पण ज्या जागेवर ते स्टँड पडलं तिथे रोज उभं राहायचं होतं, हे जास्त खरं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते साडेपाच. त्याच जागेला लागून असलेल्या जुन्या सायकल शेडमध्ये.

मला भीती फार वाटते. डोळ्यांची सगळ्यात जास्त. एकेकाची डोळ्यांवर ओढायची काळी काच मी स्वतः उजेडाला धरून पाहते, तडा गेलाय का. नायलॉनची ओढणी, सँडल, ओले हात, काही चालत नाही. वाळूच्या दोन बादल्या, अर्थिंगचा चिमटा, वायरीचे जोड सगळं रोज बघायचं. बंटीला शेडच्या पलीकडे, टिनाच्या आडोशाला, पाठ करून बसवते आणि दर दोन मिनिटांनी हाक मारते. तो "ओ" म्हणाला की पुढचं वाक्य. पोरं माझी नक्कल करतात, मला माहीत आहे.

मनिष नावाचा एक मुलगा डावखुरा निघाला. पहिल्याच दिवशी पोरं त्याला हसली. "ए डावऱ्या, उलटा चालला बे तू!"

"उलटा नाही," मी म्हणाले. "या इकडे सगळे."

मी एका पट्टीवर उजव्या हाताने ओळ ओढली, मनिषला डाव्या हाताने ओढायला लावली. "उजव्या हाताचा माणूस डावीकडून सुरुवात करतो आणि उजवीकडे थांबतो. डावखुरा उजवीकडून डावीकडे. जिथे थांबतो तिथे, हे बघा, छोटा खळगा पडतो. रॉड उचलला की वितळलेलं लोखंड खाली बसतं. माणूस कुठून आला आणि कुठे थांबला, ते लोखंडावर लिहून राहतं."

"पट्टी फिरवली तं?" मनिषने विचारलं.

"सुटी पट्टी फिरवता येते. जागेवर, भिंतीला लागून उभं केलेलं काम फिरवता येत नाही. तिथे माणसाला समोरूनच उभं राहावं लागतं."

तेव्हापासून दर शुक्रवारी एक खेळ सुरू झाला. टोपलीत जुने तुकडे टाकायचे, एकाने एक उचलायचा आणि वाचायचा. कोणत्या हाताचं, कुठे घाई केली, कुठे श्वास घ्यायला थांबला. पोरं याला 'वाचन' म्हणायला लागली. आणि वाचनात रुपाच्या जवळपास कुणी जात नव्हतं. तीन आठवडे मी तिला खपल्या काढत बसवलं होतं ना. दहा पोरांच्या सगळ्या ओळी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. एकदा तर डोळे मिटून, ओळीवरून बोट फिरवून म्हणाली, "हे मनिषचं. आन् इथं त्याले शिंक आली होती."

"आली होती ना बाप्पा!" मनिष ओरडला.

सगळे हसले. मी पण. मग मला आठवलं ती कुणाची मुलगी आहे, आणि मी हसू आवरलं.

डिसेंबरात चंद्रकुमार स्वतः आला. मोटारसायकल उभी करून, शेडच्या दारात.

"वहिनी, कसं चाललं पोट्ट्यायचं?"

"बरं चाललंय."

"आमची रुपा तं घरी दुसरं बोलतच नाई. म्हन्ते, मॅडम अशा, मॅडम तशा." त्याने शेडमधल्या रिकाम्या रॅककडे पाहिलं. "लोखंड कमी पडते का? मी पाठवतो एक टेम्पो. दुकानाच्या मांगं पडून हाये लय. पोट्टे शिकतीन."

"पाठवा."

"झालं गेलं मनात ठेवू नोका, वहिनी. प्रितम माझा भावासारखा."

मी बंटीला हाक मारली. बंटी "ओ" म्हणाला.

गॅदरिंगला शाळा दात्यांचा सत्कार करते, शाल-श्रीफळ देऊन. त्याला ती शाल हवी होती, हे मला कळलं होतं. येत्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं होतं, हे सगळ्या गावाला कळलं होतं.

टेम्पो आला. पोरांनी माल उतरवला. कापलेले अँगल, वाकलेल्या सळया, गंजलेले पत्रे. फॅब्रिकेशनवाला माणूस लोखंड कधी फेकत नाही. कामी येईल म्हणून दुकानामागे टाकतो, त्यावर गवत वाढतं, आणि दोन वर्षांनी तिथे काय आहे ते त्यालाच आठवत नाही. पोरं गेल्यावर मी एकेक तुकडा बघत होते, कुठे धार नाही ना म्हणून. ढिगाच्या तळाशी हातभर लांबीचा एक पाट, म्हणजे रुंद लोखंडी पट्टी, निघाला. निळा. त्यावर पांढरी अर्धी अक्षरं. 'ण्याचे पा'.

मी खाली बसले.

अक्षरं होती म्हणजे वर कुठे, खाली कुठे, समोर कुठे, सगळं ठरलेलं. ते स्टँड मागच्या भिंतीला टेकून उभं होतं, मागून हात जायला जागा नव्हती. अक्षरांच्या खाली स्टँडच्या वरच्या अर्ध्या भागाचा आडवा जोड होता. निम्म्या जोडात वेल्डिंग नव्हतंच. पुट्टी भरून वर रंग फासला होता. पुट्टी कडेने सुटली होती, फट दिसत होती. आणि उरलेल्या निम्म्यात ओळ डावीकडून सुरू होत होती. खळगा उजवीकडे.

त्याच पाटाला खालून, खालच्या अर्ध्या भागातल्या पायाचा तुकडा राहिला होता. त्यावरचा जोड सलग, भरीव, आणि खळगा डावीकडे. माझ्या माणसाचा. मी त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले ते सांगता येत नाही. बंटी येऊन म्हणाला, "आई, तू हाक नाई मारली."

तो पाट मी बंटीच्या खेळण्यांच्या पेटीत, तळाला ठेवला. प्रितमला फोनवर सांगितलं नाही. तो म्हणाला असता, जाऊ दे. लक्ष्मणराव गुरुजींनाही दाखवला नाही. ते वाईट नाहीत, पण त्यांनी चंद्रकुमारला चहाला बोलावून विचारलं असतं, आणि चहा संपेपर्यंत पाट नाहीसा झाला असता. मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, बायकोच आहे शेवटी. मनिष बोलला असता तर, पढवलं मॅडमनं.

कोण बोललं तर कुणाला काही म्हणता येणार नाही, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पोळ्या लाटता लाटता. मी दचकले नाही, उलट मला फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुजींना गॅदरिंगमध्ये वर्गाचं काहीतरी दाखवायचं होतं. "स्टेजवर वेल्डिंग करून दाखवा ना, मॅडम. पब्लिकला आवडेल."

"सगळ्यांचे डोळे जातील, सर. त्यापेक्षा पोरं वाचन करून दाखवतील."

"हे बरं. बिनधोक."

पुढचा महिनाभर मी रुपाला शिकवलं तसं कुणालाच शिकवलं नाही. पुट्टीवर हातोडी मारली की आवाज कसा बद्द येतो. थकलेला हात कुठे झुकतो. घाईत ओळ कशी पातळ होते. ती माझ्याकडे अशी बघायची की मला तिच्या डोळ्यांवर काच ओढून द्यावीशी वाटायची. एकदा म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदा मले वाटलं तुमाले मी आवडत नाई."

"असं काही नाही," मी म्हणाले.

गॅदरिंगला मांडव भरला होता. पुढच्या रांगेत सतरंजीवर बायका, त्यांच्या कडेला खुर्ची टाकून देवकाबाई, काठी मांडीवर. दोन वर्षं त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दिवशीही बघितलं नाही. आधी सत्कार झाला. चंद्रकुमार शाल अंगावर घेऊन, नारळ हातात घेऊन स्टेजवरच्या खुर्चीत बसला. गुरुजी म्हणाले, "आपल्या दात्यांनी दिलेल्या लोखंडावरच आपली मुलं शिकत आहेत."

मग वाचन. मनिषने एक तुकडा वाचला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या मुलीने वाचला. तिसरी रुपा. मी टेबलाखालून फडक्यात गुंडाळलेला पाट काढला आणि तिच्या हातात दिला. अक्षरं तिच्या बाजूला होती, लोकांना दिसत नव्हती.

तिने पाट सरळ धरला. ओळीवरून बोट फिरवलं. मी चंद्रकुमारकडे बघत होते, तो हसत होता, मुलीकडे बघून, अभिमानाने.

"याच्यात दोन कारागीर आहेत," रुपा माईकवर म्हणाली. शाळेतली भाषा, स्पष्ट. "खालचा जोड डावखुऱ्या माणसाचा आहे. खळगा डावीकडे. पूर्ण भरलेला आहे, कुठेच सोडलेलं नाही. हा माणूस घाई करत नाही."

तिने बोट वर सरकवलं.

"वरचा जोड उजव्या हाताचा. अर्धाच आहे. बाकी पुट्टी." तिने हातोडी मारली. बद्द. "हा वरचा जोड वजन घेऊ शकत नाही." मग तिने पाट लोकांकडे वळवून दाखवायला वर उचलला, जसं मी शिकवलं होतं. आणि तेव्हा मांडवाने ती अक्षरं वाचली.

आधी कुणीतरी बायकांतलं म्हणालं, "अगं बाई, हे तं टाकीचं." मग सगळीकडून आवाज. डावखुरा कोण, हे गावात कुणाला सांगायची गरज नव्हती.

चंद्रकुमार उठला. नारळ तसाच हातात. "पोट्टीले काय समजते? लहान लेकरू हाये. ठेव ते खाली, रुपा."

रुपा त्याच्याकडे बघत होती. मग परत ओळीकडे. मी तिला एवढंच शिकवलं होतं. हात डावा की उजवा, थकलेला की घाईचा. पुढचं मी शिकवलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, माईक अजून तोंडाशीच होता. "तुमची ओळ शेवटी खाली उतरते. आपल्या गेटावरबी तशीच हाये. हे तुमी मारलं."

मांडवाच्या मागच्या बाजूला बंटी कुणाला तरी काहीतरी सांगत होता, ते स्टेजवर ऐकू आलं.

देवकाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. "चंद्रकुमार. सांग."

"उद्घाटनाची तारीख देल्ली होती ना, बाई," तो म्हणाला. "प्रितम दवाखान्यात. मी काय करू? मले वाटलं, टिकन ते." आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. शाल एका खांद्यावरून घसरली होती. कुणी उचलून दिली नाही.

स्टेजच्या मागे तो माझ्यासमोर आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "माझ्या लेकराले मधात घेतलं तुमी, वहिनी."

"तुम्ही माझ्या लेकराला घेतलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता," मी म्हणाले. "तुमची तरी चौदाची आहे."

तो मान खाली घालून हातातल्या नारळाची शेंडी उपटू लागला. ते बघायला मला जेवढं आवडलं तेवढं अलीकडे काहीच आवडलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून जाताना मी लोक आपापल्या पोर्चमध्ये उभे बघितले. माना वर करून, टिनाखालच्या अँगलकडे बघत. एकाने बोट दाखवून बायकोला सांगितलं, "पाह्य, खळगा डावीकडं." दुपारी प्रितमचा फोन आला.  म्हणाला, "देवकाबाईचा फोन आला होता. ये म्हन्ते गावात. चहाले." आणि थोड्या वेळाने, "हर्षा, त्या पोट्टीले घरी मारलं तं नसन?"

हा विचार मी केला नव्हता. ज्या बाईला दर दोन मिनिटांनी स्वतःच्या मुलाची हाक लागते, तिने केला नव्हता.

सोमवारी रुपा आली नाही. बुधवारी आली नाही. तिच्या घरासमोरून मी दोनदा गेले, बंटीला सायकलवर बसवून, काही काम नसताना. तिची हिरवी सायकल आत उभी होती. गेट बंद. त्यावरच्या वेल्डिंगची ओळ शेवटी खाली उतरलेली, बाहेरूनही दिसत होती.

शुक्रवारी ती आली. अंगावर कुठे वळ आहे का ते मी आधी बघितलं. नव्हता. डोळे सुजलेले होते, वेल्डिंगच्या उजेडाने सुजतात तसे नव्हे. बाकीची पोरं बाजूला सरकली. ती नेहमीच्या जागी न जाता कोपऱ्यात गेली, पहिले तीन आठवडे मी तिला बसवत होते तिथे, आणि उकिडवी बसून खपली काढायची हातोडी उचलली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा जेवत नाई," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत नाई. मारलं नाई." हातोडी चालू होती. "तुमाले आधीच माहीत होतं ना, मॅडम?"

"हो."

"मंग मलेच काहून देल्लं?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. तुझंच सगळ्यांनी ऐकलं असतं म्हणून. तेही खरंच होतं. पण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, ज्या नजरेने ती ओळी वाचते त्या नजरेने, आणि खळगा कुठे आहे ते तिला दिसणारच होतं.

"तुझ्या बापाला लागावं म्हणून," मी म्हणाले.

तिने मान हलवली. हातोडी खाली ठेवली, उठली, हातमोजे चढवले, रॉड होल्डरमध्ये बसवला.

"लागलं," ती म्हणाली. आणि काच डोळ्यांवर ओढून घेतली.

मी तिच्या मागे उभी राहिले. तिची ओळ सरळ चालली होती. मी बंटीला हाक मारली, आणि त्याने "ओ" म्हणेपर्यंत माझा हात रुपाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला होता. ठेवला नाही.